मदत हवी आहे: बँकेतले ऑनलाइन प्रशिक्षण लोक मनापासून करतील असे कसे बनवावे?

काउंटरपलीकडे:
नमस्कार मंडळी. नागरी सहकारी बँक, २२ शाखा, २४० कर्मचारी. मूडल या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरवर बनावट नोटा आणि केवायसीचा दीड तासाचा अभ्यासक्रम आहे. ७० स्लाइड, प्रत्येक स्लाइड आवाजात वाचून दाखवलेली, शेवटी २० प्रश्न. कागदावर ९७ टक्के लोकांनी तो पूर्ण केलाय. नोंदी उघडल्या तर निम्म्यांनी १५ मिनिटांच्या आत संपवलेला दिसतो, उत्तरांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि लेखापरीक्षणात दर वर्षी तेच शेरे येतात. गुण, बॅज आणि बक्षिसे लावावीत असे व्यवस्थापनाचे मत आहे. वेगळा खर्च मंजूर नाही. तालुक्याच्या शाखांत २ एमबीपीएसची इंटरनेट लाइन आहे. सुरुवात कुठून करावी?

निशिगंध:
बॅज सध्या बाजूला ठेवा. कॅशियरला कंटाळा येतो कारण त्याला जे रोज करावे लागते ते त्या ७० स्लाइडमध्ये कुठेच नाही. परिपत्रकातली वाक्ये आहेत, काउंटर नाही.

लेखापरीक्षणाचे मागच्या दोन वर्षांचे शेरे काढा आणि सर्वांत जास्त वेळा आलेले पाच निवडा. एका शेऱ्यावर एक प्रसंग, एक प्रसंग म्हणजे ६ ते ८ मिनिटे. बाकीचा मजकूर अभ्यासक्रमातून काढून संदर्भासाठी पीडीएफमध्ये ठेवा.

प्रसंग असा लिहा: दुपारी दीड वाजता अडत्याचा ८७,००० रुपयांचा भरणा आलाय. ५०० च्या १५० नोटा, २०० च्या ६०. ५०० च्या तीन नोटा तिरक्या केल्या तरी सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होत नाही. मागे आठ जणांची रांग. अडत्या म्हणतो, "साहेब, त्या तीन परत द्या, मी बदलून आणतो." आता काय कराल?

नोटा परत दिल्या, तर पुढच्या पडद्यावर लगेच 'चूक' लिहू नका. परिणाम दाखवा: त्या नोटा पुन्हा बाजारात गेल्या, आणि ओळखूनही जप्त न करणे म्हणजे त्या चलनात आणण्यात बँकेचा सहभाग, असे रिझर्व्ह बँक धरते. बरोबर वाटेवर शिक्का मारणे, जप्ती, पोच आणि उरलेले ८५,५०० खात्यात जमा. अडत्या पोचेवर सही करत नाही म्हणाला तरी पोच द्यायचीच, इथेही बरेच जण अडतात.

मग तोच प्रसंग थोडा फिरवा: तीनऐवजी सहा नोटा निघाल्या. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर महिनाअखेरीस एकत्रित अहवालासोबत पोलिसांकडे. पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. हा फरक स्लाइडवर वाचून राहत नाही, एकदा चुकीच्या वाटेने गेल्यावर राहतो.

हे सगळे मूडलमध्ये मोफत मिळणाऱ्या एच५पी या साधनाच्या 'ब्रँचिंग सिनारिओ'मध्ये, म्हणजे निवडलेल्या उत्तरानुसार पुढचा पडदा बदलणाऱ्या प्रकारात होते. प्रत्येक प्रसंगात दोन-तीनच वळणे ठेवा. पाच वळणांवर तीन-तीन वाटा केल्या तर २४३ शेवट होतात आणि ते तपासायला कोणी उरत नाही. चुकीची वाट दोन पडद्यांत परत मुख्य रस्त्यावर आणा.

चुकीचे पर्याय खऱ्या चुकांतून घ्या. 'नोट फाडून टाकू' असा पर्याय कोणीच निवडत नाही, म्हणून तो शिकवतही नाही. सर्वांत लांब पर्याय हमखास बरोबर, किंवा शेवटी 'वरील सर्व' ही सवय तर आजच मोडा.

पायवाट:
वरच्याशी सहमत. तांत्रिक बाजू सांगते.

आवाजात स्लाइड वाचणे पहिल्यांदा बंद करा. माणूस डोळ्यांनी बोलण्यापेक्षा वेगाने वाचतो, मग कान मागे, डोळे पुढे, आणि दोन्हीकडचे निसटते. चित्रावर आवाज ठेवा. तेच शब्द पडद्यावर नकोत.

व्हिडिओ हवा असेल तर काउंटरच्या उजेडात, फोनवर, नोट तिरकी करतानाचा हात दाखवा. ५०० च्या नोटेच्या कडांवरच्या पाच तिरक्या उठावाच्या रेषा, १०० वर त्या चार. बोट फिरवून दाखवले की ४० सेकंदांत काम होते. रिझर्व्ह बँकेच्या 'पैसा बोलता है' संकेतस्थळावरची माहिती आधाराला घ्या. मात्र नोटांच्या हुबेहूब रंगीत प्रती छापून शाखांना पाठवू नका. चलनासारखा दिसणारा कागद छापणे कायद्यात बसत नाही.

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ चा अभ्यास आहे. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे लोक सहा मिनिटांच्या आतच थांबतात, असे त्यात दिसले. ते विद्यार्थी होते, तुमचे तर काउंटरवर बसलेले लोक आहेत. तीन मिनिटे पुरे.

आता तुमची २ एमबीपीएस. ४८० पी व्हिडिओ साधारण ५०० केबीपीएस घेतो, म्हणजे पाच जणांनी एकाच वेळी लावला की २.५ एमबीपीएस लागले. त्याच लाइनवर सीबीएस, म्हणजे बँकेची मुख्य व्यवहार प्रणाली असेल तर व्यवहारांचे पासिंग अडकते, शाखाधिकारी वैतागतात आणि प्रशिक्षणाला दोष जातो. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडा आधी डाउनलोड होतो. शाखेच्या टॅबलेटवर रात्री उतरवून ठेवा. स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर करा, असे कर्मचाऱ्यांना सांगू नका.

आणखी एक: बाहेरून बनवलेले स्कॉर्म १.२ (ऑनलाइन धड्यांचा एक ठरावीक साचा) पॅकेज असेल तर 'कुठपर्यंत आलो' ही नोंद ४,०९६ अक्षरांत बसावी लागते. मोठ्या पॅकेजमध्ये ती कापली जाते, माणूस परत आला की पहिल्या पानावर. हा राग कंटाळ्याहून मोठा असतो. लहान तुकडे करा.

काउंटरपलीकडे:
फार उपयोगी. दोन शंका. व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये अशी सोय लावू का? आणि शाखांची गुणपत्रिका जाहीर करावी का? २५ वर्षे कॅश सांभाळणाऱ्यांना नव्या मुलांच्या खाली नाव दिसले तर?

निशिगंध:
ढकलणे बंद केले तर लोक तो चालू सोडून दुसऱ्या टॅबवर जातात. वेळ पूर्ण भरतो, शिकणे होत नाही. 'पूर्ण' ही खूण बघण्यावर नको, उत्तीर्ण होण्यावर लावा. ज्याला आधीच येते त्याने सुरुवातीलाच प्रश्न सोडवून बाहेर पडावे, तुमच्या जुन्या कॅशियरला हाच खरा मान आहे.

जुना लेजर:
नावानिशी क्रमवारी अजिबात नको. खालच्या जागेवर वरिष्ठ माणूस दिसला की तो शिकणे सोडतो आणि आजूबाजूचे त्याची बाजू घेतात. शाखेची एकत्रित संख्या चालेल, तीही मागच्या तिमाहीशी तुलना करून. त्याऐवजी वरिष्ठ कॅशियरकडून प्रसंग मागवा: 'काउंटरवर सर्वांत अवघड काय आले?' त्यांच्या आवाजात दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करा, ग्राहकाचे नाव-खाते वगळून.

वेळेचे सांगतो. महिनाअखेर, पगाराचा आठवडा आणि दुसरा-चौथा शनिवार टाळा. बँकेची सुट्टी प्रशिक्षणात घालवली तर तुमचा धडा कितीही चांगला असो, मन लागणार नाही. मंगळवार ते गुरुवार, कॅश बंद झाल्यावर, टॅली जुळल्यानंतरची १० मिनिटे. हजेरीतच धरा.

पायवाट:
फिरणाऱ्या यादीवर उपाय: २० प्रश्नांच्या जागी ८० ची प्रश्नपेढी, प्रत्येक मुद्द्याची चार रूपे. नोटांची संख्या, ग्राहक, रक्कम बदला, मुद्दा तोच ठेवा. मूडलमध्ये वर्गवारी करून प्रत्येक वर्गातून एक यादृच्छिक प्रश्न उचलायला लावा. पर्यायांचा क्रमही बदलता ठेवा.

धड्यानंतर तिसऱ्या दिवशी तीन प्रश्न, तिसऱ्या आठवड्यात तीन, दोन महिन्यांनी तीन. प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींचे कारण. एखादा प्रश्न जवळजवळ सगळेच चुकत असतील तर आधी प्रश्नाची भाषा तपासा, मग लोकांना पुन्हा शिकवा.

पहिला प्रसंग २२ शाखांत एकदम नको. एक शहरातली, एक तालुक्याची अशा दोन शाखांत सहा-सात जणांसमोर चालवा, शेजारी गप्प बसा आणि कुठे थांबतात ते टिपा. त्या दोन शाखांतले पुढच्या तिमाहीतले शेरे बाकीच्या २० शाखांशी ताडून बघता येतील.

काउंटरपलीकडे:
बनावट नोटांचा प्रसंग आधी घेतो. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकेन, चुका दाखवाल.