अंकुशकृमी (हुकवर्म) की आकडीचे जंत? फलकावर कोणता शब्द लिहावा?

गटप्रवर्तक, भंडारा जिल्हा
रोवणीच्या (भातलावणीच्या) आधी गावागावांत जंतांचे फलक लावायचे आहेत. मसुद्यात ‘आकडीचे जंत’ लिहिलं आहे, पण आमच्याकडे आकडी येणे म्हणजे झटके येणे. ‘अंकुशकृमी’ वाचून लोक विचारतात, गळासारखा रुतलेला जंत गोळीनं सुटतो कसा? शब्द कोणता ठेवू, आणि मजकुरात काय असलंच पाहिजे?

भाषेचा विद्यार्थी, वर्धा
ताई, ‘आकडी’ काढूनच टाका. तोच शब्द झटक्यांना आणि तोच चिंचा-आंबे ओढायच्या काठीला. ‘आकडा’ घ्याल तर संख्या, मिशीचा पीळ आणि तारेवर टाकलेला चोरीच्या विजेचा आकडा, सगळंच डोळ्यापुढे येतं. अंकुश हे माहुताचं वाकड्या टोकाचं हत्यार. नावातला बाक जंताच्या पुढच्या टोकाचा आहे, ते मागे वळलेलं असतं. अँकायलोस्टोमा या ग्रीक नावाचा अर्थही वाकडं तोंड. १८३८ मध्ये मिलानला डुबिनी या इटालियन डॉक्टरांना हा जंत शवविच्छेदनात दिसला. गळ त्याला नाहीच. अँकायलोस्टोमाला दात असतात, नेकेटर या दुसऱ्या प्रकाराला कापणाऱ्या पट्ट्या. ठळक अक्षरांत ‘पायातून शिरणारे जंत’ लिहा, खाली बारीक ‘अंकुशकृमी’.

वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली
शब्द पटला. सुटण्याचं म्हणाल तर हा जंत एका जागी रुतून राहत नाही. आतड्याचं अस्तर तोंडात ओढतो, रक्त पितो, जागा बदलतो. रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडतो, म्हणून जुनी जखमही पाझरत राहते. अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीमुळे त्याला साखर घेता येत नाही, तो मरतो आणि शौचावाटे पडतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळे शौचात दिसला नाही म्हणजे नाहीच असं समजू नये.

नेकेटर दिवसाला सुमारे ०.०३ मिली रक्त घेतो, अँकायलोस्टोमा ०.१५ मिलीच्या आसपास. म्हणजे १०० नेकेटर रोज ३ मिली. शरीर अन्नातून दिवसाला १-२ मिग्रॅ लोहच शोषतं, त्यातलं बरंचसं या रक्तासोबतच जातं.

मोठ्यांना ४०० मिग्रॅची एक गोळी चावून, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. गरोदरपणाचे पहिले तीन महिने नको. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंतनाशक मोहीम १ ते १९ वयाची आहे. रोवणीत उभ्या राहणाऱ्या बाया बहुतेक त्यापुढच्या, आणि खरी गरज त्यांनाच! त्यांची यादी वेगळी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या.

आपल्या भागात रक्त कमी म्हटलं की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही तपासा. एसएस पॅटर्न (आई-बाप दोघांकडून आलेला सिकलसेल) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नका.

लॅब टेक्निशियन, गोंदिया
शौचाचा नमुना सकाळचा, ताजा. काटो-कात्झची (अंडी मोजायच्या पद्धतीची) स्लाइड ३० ते ६० मिनिटांत पाहिली नाही तर या जंताची अंडी ग्लिसरीनमध्ये विरघळल्यासारखी होतात आणि अहवाल चुकीचा ‘निगेटिव्ह’ जातो. नमुना उन्हाळ्यात दिवसभर पडला तर अंडी फुटून अळ्या निघतात, त्या दुसऱ्याच जंताच्या वाटतात.

गटप्रवर्तक, भंडारा जिल्हा
रोवणीत चप्पल चिखलात रुतते जी. तिथे काय सांगायचं? आणि चिखल्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली
चिखल्यांत बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सोलते. अळी शिरली तर पायावर बारीक लाल, फार खाजणारे फोड येतात.

पाणी साचलेल्या बांधीपेक्षा (धानाच्या खाचरापेक्षा) सावलीची ओलसर जागा जास्त धोक्याची: धुरा (शेताचा बांध), नाल्याकाठ, झाडाखाली जिथे लोक शौचाला बसतात. अंड्याला हवा लागते, पाण्यात बुडालं की ते नीट वाढत नाही. ताज्या विष्ठेतून लागण लगेच होत नाही, अळी तयार व्हायला ५ ते १० दिवस जातात, मग ओल्या सावलीत ती ३-४ आठवडे टिकते. कडक उन्हात सुकून मरते. म्हणून धुऱ्यावरून जाता-येता चप्पल, बांधीत शक्य तर गमबूट. घरी येऊन पाय धुण्यावर भिस्त नको, अळी काही मिनिटांतच कातडीत शिरते. शेणखताला दोष देऊ नका, माणसात रक्ताची कमतरता आणणारे हे जंत माणसाच्याच विष्ठेतून येतात. दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवूनच उपसायचा, हे फलकावर घ्याच.