रीफ टँकच्या चिलरला पाईप कोणता टाकू? सांगलीचा उन्हाळा तोंडावर आलाय

रीफवेडा_सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत फ्लॅट आहे, हॉलमध्ये तीन फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा कोरलचा टँक, संप (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) धरून 230 लिटरच्या आसपास पाणी. थंडीत काही त्रास नव्हता पण मार्च लागला तसं पंखा लावूनही पाणी 29 च्या खाली येईना, कोरल आक्रसून बसायला लागलेत म्हणून पाणी गार करणारा पाव एचपीचा चिलर घेतला. गरम हवा आणि आवाज घरात नको म्हणून तो गॅलरीत ठेवणार, म्हणजे जायला पंधरा फूट आणि यायला पंधरा फूट लाईन. हार्डवेअरवाला सीपीव्हीसी घ्या म्हणतोय, मित्र म्हणतो पारदर्शक नळी टाक, आणि वडील म्हणतात तासगावच्या बागेतली ड्रिपची नळी पडून आहे ती वापर. चिलरसोबत अर्धा इंची कनेक्टर आलेत, मग सगळी लाईनच अर्धा इंची करू का? डब्यावर फ्लो ताशी 1000 ते 2500 लिटर लिहिलाय.

कोरेगावची_ताई
पाईप कुठलाही घे, खाऱ्या पाण्याला पितळ लागता कामा नये!! सीपीव्हीसीचे आट्यांचे एल्बो आणि कपलर बरेचदा आतून पितळी असतात, वरून प्लास्टिकच दिसतं, त्यामुळे दुकानात प्रत्येक पीस उलटा करून बघ. पितळेत तांबं असतं, मिठाच्या पाण्यात ते हळूहळू सुटतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायी यांना अगदी थोडंही सोसत नाही. माशांच्या व्हाईट स्पॉट रोगावरचं कॉपरचं, म्हणजे तांब्याचं औषध रीफमध्ये टाकत नाहीत ते त्याचसाठी. चिलरची आतली कॉइल टायटॅनियमची आहे ना तेही बघून घे. बागेतली नळी तर नकोच, त्यातून खतं आणि ॲसिड गेलेलं असतं आणि द्राक्षाला मोरचूद मारतातच, म्हणजे परत तांबंच. पारदर्शक नळीत उजेड जातो, शेवाळ धरतं, आणि उन्हात ती कडक होते.

पाईपवाला_मिरज
मी प्लंबिंगची कामं घेतो, माशातलं कळत नाही पण पाण्याचं सांगतो. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतो, तुम्हाला गार पाणी न्यायचंय तर त्याला जास्त पैसे कशाला, पिण्याच्या पाण्याचा लेड फ्री यूपीव्हीसी घ्या. अर्धा इंची अजिबात नको. तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून ढकलायचं तर घर्षण जवळपास तीसपट होतं, मग तीस फुटांत पंपाचा जोर तिथंच संपतो आणि चिलरला पाहिजे तेवढं पाणी पोचत नाही. लाईन एक इंची ओढा, चिलरजवळ रिड्यूसर लावून शेवटचा फूटभर जाड काळी नळी जोडा म्हणजे कंप्रेसरचं कंपन पाईपच्या जॉइंटवर येणार नाही. काटकोनी एल्बोऐवजी जागा असेल तिथं 45 चे दोन टाका. दोन्ही बाजूंना युनियन (हातानं फिरवून सोडवता येणारा जॉइंट) आणि प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व पाहिजेच, नाहीतर चिलर धुवायला काढायचा म्हटला की लाईन कापत बसाल. सोल्युशन लावल्यावर एक दिवस सुकू द्या आणि साध्या पाण्यानं लाईन धुवून मगच जोडा.

रीफवेडा_सांगली
दादा, ताई, खूप आभार. म्हणजे एक इंची यूपीव्हीसी नक्की. आता भीती एकच, आम्ही कामावर असताना गॅलरीत जॉइंट सुटला तर पंप सगळा संप बाहेर ओतेल का?

कोरेगावची_ताई
चिलरचा पंप संपच्या तळाला ठेवू नकोस, पाणी ओढायचं तोंड पातळीच्या थोडंसंच खाली राहील असा उंचावर बसव, मग लाईन फुटली तरी काही लिटर जाऊन तो हवा ओढायला लागेल. कोरडा चालून पंप खराब होईल कदाचित, पण टँक वाचतो. ऑटो टॉपअप, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, असेल तर त्याची टाकी लहान ठेव, नाहीतर ते गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरत राहील. नळीला स्टीलच्या क्लिपा नको, गंजतात, प्लास्टिकच्या मिळतात त्या लाव.

पाईपवाला_मिरज
गॅलरी पश्चिमेची असेल तर पाईपला एसीवाले वापरतात ते काळं फोम चढवा, गार केलेलं पाणी परत येताना तापलं तर वीजबिल फुकट. चिलरच्या जाळीसमोर फूटभर मोकळं ठेवा, कपाटात कोंबू नका.

रीफवेडा_सांगली
पश्चिमेचीच आहे, फोम घेतो. आणि चालू केल्यावर एकदम 25 ला सेट करू का?

कोरेगावची_ताई
नको नको, आत्ता 29 आहे ना, मग रोज एक डिग्री उतरव आणि 26 ला थांब.