फ्रेम रिले लॅब: नाशिकवरून कोल्हापूरला पिंग जात नाही

प्रश्न – सिरीयल_शून्य
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला फ्रेम रिले (दूरची ऑफिसं जोडायची जुनी पद्धत) आहे म्हणून जीएनएसथ्रीत, म्हणजे कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तीन राउटरची लॅब लावलीय. पुणे हब (मधलं केंद्र), नाशिक आणि कोल्हापूर स्पोक (फक्त हबला जोडलेल्या शाखा), मध्ये जीएनएसचाच फ्रेम रिले स्विच. सगळे एकाच सबनेटमध्ये, १०.१.१.०/२४, पुणे .१, नाशिक .२, कोल्हापूर .३. पुण्याकडे डीएलसीआय (लाइनचा नंबर) १०२ नाशिकसाठी आणि १०३ कोल्हापूरसाठी, नाशिककडे २०१, कोल्हापूरकडे ३०१. सबइंटरफेस (एकाच पोर्टचे आभासी भाग) केलेले नाहीत, सरळ सिरीयलवर एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले देऊन आयपी टाकलाय. पुण्याहून दोघांना पिंग होतो, दोघांकडून पुण्याला पण होतो, पण नाशिक ते कोल्हापूर पाचच्या पाच टिंब येतात. पीव्हीसी (दोन राउटरमधल्या कायमच्या आभासी लाइन) सगळीकडे अ‍ॅक्टिव्ह दिसतायत. दोन दिवस यातच गेलेत, कुठे चुकतंय?

उत्तर – घाटावरचा
ताई, चुकलं काही नाहीये, नाशिकवर 'शो फ्रेम-रिले मॅप' (कुठल्या आयपीला कुठला डीएलसीआय याची यादी) मारून बघ, तिथे फक्त १०.१.१.१ दिसेल. इनव्हर्स एआरपी फक्त पीव्हीसीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय एवढंच विचारतो, आणि नाशिकच्या पीव्हीसीचं दुसरं टोक पुणे आहे. सबनेट एकच असल्यामुळे राउटरला वाटतं कोल्हापूर शेजारीच आहे, पण फ्रेमवर कुठला डीएलसीआय लावायचा ते त्याला माहीतच नाही, म्हणून पॅकेट तिथेच टाकून देतो. हाताने मॅप दे.

नाशिकवर: फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.३ २०१
कोल्हापूरवर: फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ ३०१

दोन्हीकडे द्यायचं, एकीकडेच दिलंस तर पिंग जाईल पण उत्तर परत येणार नाही. आणि नंबर आपल्याच बाजूचा लिहायचा. डीएलसीआय म्हणजे समोरच्या राउटरचा पत्ता नव्हे, आपला राउटर आणि स्विच यांच्यातल्या तारेवरचा नंबर आहे तो, माझ्या बॅचमध्ये निम्मी मुलं इथेच अडकायची.

सिरीयल_शून्य
झालं!! खूप खूप आभार दादा. पण आज सगळं सेव्ह करून नाशिकचा राउटर रीलोड केला तर आता नाशिकवरून पुण्यालाच पिंग जात नाहीये, काल तर जात होता. डीबगमध्ये एनकॅप्सुलेशन फेल्ड येतंय.

उत्तर – जुनी_लीज_लाइन
हे होणारच होतं. एखाद्या डीएलसीआयवर आयपीसाठी स्टॅटिक मॅप दिला की त्या डीएलसीआयवर त्या प्रोटोकॉलचा इनव्हर्स एआरपी आपोआप बंद होतो. काल पुण्याचा डायनॅमिक मॅप आधीच शिकून झाला होता म्हणून चालत होतं, रीलोडमध्ये तो गेला आणि परत शिकायला कोणी विचारतच नाही. म्हणून हाताने मॅप द्यायला लागलीस की सगळेच हाताने दे, हबवर पण. नाशिकवर पुण्यासाठी: फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.१ २०१ ब्रॉडकास्ट. हा ब्रॉडकास्ट शब्द स्पोकवर फक्त हबच्या मॅपला लाव, दोन्ही मॅपना लावलास तर डीएलसीआय एकच असल्यामुळे प्रत्येक ब्रॉडकास्ट पुण्याला दोनदा पोचतो. आणि बदल केल्यावर प्रत्येक वेळी रीलोड करून बघ. मी एका बँकेच्या शाखा ६४ केबीपीएसवर जोडायचो तेव्हा रात्री लाइट जाऊन राउटर परत चालू झाला की सकाळी शाखा बंद, कारण हेच, आणि तेव्हा शोधायला फोनवर शाखेतल्या माणसाला दिवे वाचायला सांगावं लागायचं.

उत्तर – घाटावरचा
बरोबर आहे तुमचं, मी ते सांगायला हवं होतं. ताई, पुढे ओएसपीएफ (राउटर एकमेकांकडून रस्ते शिकतात तो प्रोटोकॉल) लावणार असशील तर ते पण इथेच अडकेल. फ्रेम रिलेच्या फिजिकल इंटरफेसवर त्याचा टाइप नॉन-ब्रॉडकास्ट असतो, शेजारी आपोआप सापडत नाहीत, मग पुण्यावर नेबर कमांड दे आणि स्पोकवर प्रायॉरिटी ० कर म्हणजे पुणेच डीआर (सगळ्यांना रस्त्यांची माहिती वाटणारा मुख्य राउटर) राहील. नाहीतर तिन्हीकडे 'आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-मल्टिपॉइंट', मला हे जास्त आवडतं, कारण यात प्रत्येक राउटर स्वतःच्या आयपीचा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा रस्ता) देतो, नाशिकला कोल्हापूरचा रस्ता पुण्यावरून मिळतो आणि स्पोक ते स्पोक मॅपची गरजच उरत नाही.

उत्तर – जुनी_लीज_लाइन
खऱ्या नेटवर्कवर मी पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेसच करायचो, प्रत्येक पीव्हीसीला वेगळं /३० (दोन राउटरपुरतं छोटं सबनेट) आणि 'फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२', मॅपची भानगडच नाही. फक्त आधी फिजिकलवरचा आयपी काढ. आणि सबइंटरफेस चुकून मल्टिपॉइंट (एकावर अनेक पीव्हीसी) म्हणून बनवलास तर नो मारून त्याच नंबरने पॉइंट-टू-पॉइंट करता येत नाही, रीलोड लागतो, त्यापेक्षा वेगळा नंबर घे.

सिरीयल_शून्य
तिन्हीवर पॉइंट-टू-मल्टिपॉइंट केलं, हबवर दोन आणि स्पोकवर एकेक मॅप ब्रॉडकास्टसकट ठेवला, नाशिक-कोल्हापूरचे मॅप काढून टाकले. नाशिकच्या रूट टेबलमध्ये १०.१.१.३/३२ पुण्यावरून आलाय आणि रीलोडनंतर पण पिंग पाचपैकी पाच. सबइंटरफेसची वेगळी लॅब उद्या लावते.