जुन्या गिरगावात शेजारी खरंच इतके मिळून राहायचे का?

आजी १९३४ सालची, ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेली. ती सांगते खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका तिच्या आईशी मराठीतच गप्पा मारायच्या, नाक्यावर इराण्याचं हॉटेल, खाली ट्रामची घंटा. कुणाच्या घरच्या आठवणी असतील तर प्लीज लिहा, आजीला वाचून दाखवायच्यात.

गावदेवीकर: मराठीचं अगदी खरं. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे, घरची बोलीच मराठी. आणि ती वाडी वसवली दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंनी. उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटायला बायका घरोघर यायच्या, अंगणभर मिरच्या वाळत, ठसक्याने गल्ली खोकायची, मग तो मसाला बियरच्या काळपट बाटल्यांत दांडीने ठासून भरायचा. दर मे महिन्यात एक बाटली आमच्याकडे यायची. आई शाकाहारी, ती तो वालाच्या उसळीत घालायची, काय लागायचं ते!

नाना_फणसवाडी: पण पंगत एक नव्हती हो, हेही आजींना विचारा. कितीतरी चाळी जातीजातीच्याच. इराण्याकडे मात्र पैसे टाकले की कुणीही बसायचं. आजोबांनी पहिला ब्रून मस्का (कडक पाव नि लोणी) तिथेच खाल्ला आणि घरी कळल्यावर त्यांना नळाखाली उभं केलं, तेव्हा वय वर्षं अकरा. ट्राम १९६४ ला बंद झाली, शेवटच्या दिवशी ते मुद्दाम बसून आले, तिकीट अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे.

प्रश्नकर्ती: वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "वालात? आमच्याकडे वांग्यात घालायचे."