अफूच्या गाड्या आपल्या शिरपूरवरून जायच्या, मग ईस्ट इंडिया कंपनीने अडवल्या का नाहीत?

शिरपूरकर: राम राम मंडळी. आमचे आबा सांगायचे, त्यांच्या आजोबांच्या वेळी माळव्याची अफू बैलगाड्यांतून बिजासन घाट उतरून आपल्या आग्रा रोडने मुंबईला जायची. परवा पळासनेरला चहा घेत उभा होतो, समोर ब्रेक करकरवत ट्रक उतरत होते, तेव्हा आठवलं. १८१८ ला मंदसोरच्या तहात होळकरांकडून खान्देश कंपनीकडे गेला, मग रस्ता तिचा, बंगालात अफूची मक्तेदारी पण तिचीच, तरी दुसऱ्याचा माल जाऊ कसा दिला?

तापीकाठ: भाऊ, अडवून बघितलं की. पण पिकवणारा मुलूख शिंदे-होळकरांचा. संस्थानिकांशी करार केले, माल स्वतः विकत घेऊन बघितला, पण व्यापारी कुठे ऐकतात, त्यांनी पाली-जैसलमेरवरून कराची गाठली आणि तिथून जहाजाने दमण, अन् दमण पोर्तुगीजांचं, तिथे कंपनीचा शिपाई काय करणार. शेवटी १८३० च्या सुमारास हात टेकले आणि पास काढला, पेटीमागे पैसे भरा नि खुशाल मुंबईला न्या. १८४३ ला सिंध घेतला, कराचीची वाट बंद, मग रेट बघा: आधी १२५ रुपये होता, १८४७ ला ४००!

भरीतप्रेमी: चोरवाट बुजवली अन् टोल वाढवला. आजबी तेच शे भो.

शिरपूरकर: हाहा. पण ही अफू मुंबईहून पुढे चीनला जायची, अन् इंग्रज-चीनच्या नानकिंगच्या तहाने तिथे ती कायदेशीर झाली ना? भाच्याच्या एमपीएससीच्या नोट्समध्ये तसंच आहे.

तापीकाठ: नोट्स चुकल्यात. १८३९ ला चिनी बादशहाचा अधिकारी लिन झेशूने कँटन बंदरात २०,००० च्या वर पेट्या ताब्यात घेतल्या आणि खड्ड्यांत मीठ-चुना घालून विरघळवल्या, त्यात मुंबईहून गेलेला माळवा मालही होता. पेट्या सोडा, भरपाई सरकार देईल असं इंग्रजांचा अधिकारी इलियट बोलून बसला आणि तिथेच सगळं अडकलं. त्यावरून पहिलं अफू युद्ध झालं, अन् १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर घेतले, त्यातले ६० लाख नुसते अफूचे. पण अफू विकायला परवानगी? एक ओळ नाही. ती १८५८ ला, दुसऱ्या अफू युद्धाच्या रेट्यात, शांघायच्या जकात करारात आली. मधली १६ वर्षं कागदावर बंदी आणि बंदरात धंदा.

शिरपूरकर: भारी. भाच्याला आजच फोन करतो. आबांच्या आजोबांच्या दोन भाड्याच्या गाड्या होत्या, त्यांनी कधी त्या पेट्या वाहिल्या का, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.