गूगल गाण्यांचं दुकान काढतंय म्हणे, तुम्हाला काय वाटतं?

कानसेन (२५ ऑक्टोबर २०१०)

जूनमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आलं होतं की गूगल गाण्यांचं डाउनलोड दुकान काढतंय, सर्चला जोडलेलं, आणि पुढच्या वर्षी त्यात वर्गणीवाली सर्व्हिस पण येणार. मग सप्टेंबरात रॉयटर्सने दिलं की अँड्रॉइडवाले अँडी रुबिन स्वतः रेकॉर्ड कंपन्यांशी बोलणी करतायत आणि ख्रिसमसच्या आत सुरू करायचा विचार आहे. गूगल हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. पण मे महिन्यातल्या आय/ओ मध्ये (गूगलची डेव्हलपर लोकांची परिषद) त्यांनी अँड्रॉइड मार्केटमध्ये (अँड्रॉइडचं ऍप्सचं दुकान) म्युझिकचा विभाग स्टेजवर दाखवलाच होता, ब्राउझरमध्ये गाणं घेतलं की फोनवर आपोआप उतरतं. शिवाय घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी फोनवर ऐकवणारी सिम्प्लिफाय मीडिया पण विकत घेतलीये, ती काय शोभेला घेतली का.

माझं मत: यावं आणि लवकर यावं. ऍपलचं आयट्यून्स हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान २००३ ला सुरू झालं, २००८ मध्ये वॉलमार्टला मागे टाकून अमेरिकेतलं सगळ्यात मोठं गाण्याचं दुकान झालं, आणि या फेब्रुवारीत त्यांचं १००० कोटीवं गाणं विकलं गेलं. समोर कुणी तगडा उभाच नाही. लाला या वेबवर गाणी ऐकवणाऱ्या सर्व्हिसचं काय झालं बघा. दहा सेंटमध्ये गाणं वेबवर कायमचं ऐकायला मिळायचं, तुमच्याकडची गाणी ओळखून ब्राउझरमध्ये वाजवायची सोय होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरात गूगलने सर्चमध्ये गाणी ऐकवायला लालाला पार्टनर घेतलं, डिसेंबरात ऍपलने लाला विकतच घेतली आणि ३१ मेला टाळं ठोकलं. असं होऊ नये म्हणून दुसरा तेवढाच मोठा पायजे.

तिरशिंगराव

मोठी कंपनी आली की गिऱ्हाईकाचं भलं होतं हे कुणी सांगितलं तुला? मायक्रोसॉफ्ट काय छोटी होती? २००४ ला गाजावाजा करून एमएसएन म्युझिक हे गाण्यांचं दुकान काढलं, २००६ ला झून हा स्वतःचा प्लेयर आणला आणि ते दुकान बंद. त्यात गंमत म्हणजे त्यांच्याच दुकानातून घेतलेली गाणी त्यांच्याच झूनवर वाजत नव्हती. मग २००८ मध्ये लोकांना ईमेल की आम्ही लायसन्सचे सर्व्हर बंद करतोय, म्हणजे नवीन कॉम्प्युटर घेतलात की पैसे देऊन घेतलेली गाणी गेली. लोकांनी बोंब मारली तेव्हा मुदत वाढवून दिली. याहूने पण त्याच वर्षी तेच केलं.

गूगलचं तर विचारूच नका, त्यांना एखादी गोष्ट सुरू करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ती बंद करतात. ईमेल आणि चॅट एकत्र करणाऱ्या त्या गूगल वेव्हचं काय झालं? वर्षभर नाचले आणि ऑगस्टमध्ये गुंडाळलं.

कानसेन

राव, पण ते सगळं कुलूपवाल्या (डीआरएम लावलेल्या, लायसन्स असेल तरच वाजणाऱ्या) फाईलींचं आहे. आता कुलूप राहिलंय कुठे? ऍमेझॉन २००७ पासून साधी एमपी३ विकतंय, ऍपलने पण २००९ च्या जानेवारीत चारही मोठ्या लेबलांची (रेकॉर्ड कंपन्यांची) गाणी डीआरएमशिवाय द्यायची घोषणा केली. साधी एमपी३ एकदा तुझ्या डिस्कवर आली की दुकान राहो नाहीतर जावो.

तिरशिंगराव

बरं झालं ऍमेझॉन तूच काढलंस. कुलूप नाही, कुठल्याही प्लेयरवर चालतं, बरीच गाणी आयट्यून्सपेक्षा स्वस्त, आणि ऍमेझॉनकडे लोकांचे क्रेडिट कार्ड नंबर आधीपासून आहेत. तीन वर्षं झाली. आयट्यून्सला काय फरक पडला? लोक आयपॉड घेतात म्हणून आयट्यून्सवर जातात, दुकान आवडतं म्हणून नाही. उलट कुलूप निघालं तेव्हा लेबलांनी त्याची किंमत वसूल केली, सरसकट ९९ सेंट होते त्याचे ६९, ९९ आणि १ डॉलर २९ असे तीन भाव झाले आणि नवीन गाजलेलं गाणं हटकून वरच्या भावात. आता गूगल त्याच चार लेबलांच्या दारात जाणार, तेच भाव घेऊन येणार. स्पर्धा दुकानांत आहे, माल एकाच ठिकाणहून येतो.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत राहतो, अँड्रॉइड फोन वापरतो म्हणून लिहितोय. कानसेन म्हणतो ते थोडं बरोबर आहे, ऍमेझॉनकडे स्वतःचा फोन नाही, गूगलकडे आहे, ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितलं रोज दोन लाख अँड्रॉइड सुरू होतायत. आणि गाण्यांच्या बाबतीत अँड्रॉइड म्हणजे नुसती बोंब आहे, वायर लावा, कार्ड ड्राइव्हसारखं उघडा, फोल्डर ओढा, मग फोन अर्धा तास कार्ड वाचत बसतो आणि अल्बमचे फोटो भलत्याच गाण्यांना चिकटवतो. बायकोच्या आयफोनवर हे काहीच करावं लागत नाही, त्यावरून रोज ऐकून घेतो.

पण मला दुकान नकोच आहे हो. माझ्याकडे १९९० च्या दशकापासून जमवलेल्या मराठी सीड्या आहेत, भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, सगळ्या रिप करून (कॉम्प्युटरवर उतरवून) ठेवल्यात. मला ती नेटवर ठेवून ऑफिसात, गाडीत कुठेही ऐकायची सोय पायजे. महिन्याला पैसे द्यायला तयार आहे.

आणि दुसरं, सर्च. आयट्यून्सवर मराठी शोधून बघा एकदा. सुधीर फडके कधी पीएचने सापडतात कधी एफने, दोन्हीकडे वेगळी गाणी. संगीतकार कोण, शब्द कुणाचे, काही नाही, आर्टिस्टच्या जागी गायकाचं नाव आणि अल्बमचं नाव भावगीतं भाग अमुक. आपण गाणं आठवतो ते खळ्यांची चाल म्हणून, पाडगावकरांचे शब्द म्हणून. ते बघायला शेवटी आठवणीतली गाणी साइटवरच जावं लागतं. हे काम गूगलने करावं, सर्च हा त्यांचाच धंदा आहे ना.

कानसेन

एडिसनकर +१. परवाच गूगलने भारतासाठी म्युझिक सर्च लॅब्जमध्ये (त्यांच्या प्रयोगांच्या विभागात) टाकलंय, सावन, सारेगामा आणि इन डॉट कॉम वरची गाणी शोधून लगेच ऐकता येतात. सध्या हिंदीचंच जास्त आहे, पण सुरुवात तर झाली.

अंधेरीवाला

मी एका ऑडिओ कंपनीत आहे, नाव सांगत नाही. एडिसनकरांना पायजे ते लॉकर, म्हणजे आपली गाणी नेटवर ठेवायची जागा, ऐकायला सोपं वाटतं पण सगळं घोडं तिथेच अडलंय. २००० साली अमेरिकेत एमपी३ डॉट कॉमने हेच केलं होतं. तुम्ही तुमची सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून दाखवायची, मग त्यांनी आधीच भरून ठेवलेली प्रत नेटवरून ऐकायची. कोर्टात हरले आणि एकट्या युनिव्हर्सलला ५ कोटी ३४ लाख डॉलर मोजावे लागले. म्हणून आता कुणी लेबलांना न विचारता हात घालत नाही. प्रत्येकाने स्वतःचं गाणं स्वतः अपलोड केलं तर भांडायला थोडी जागा आहे, पण मग एडिसनकर, तुमच्या सगळ्या सीड्या घरच्या नेटवरून वर चढवायला किती रात्री जातील ते मोजा.

आणि गूगलबद्दल आमच्या धंद्यात भरवसा शून्य आहे, हे बाहेरच्यांना कळत नाही. टी-सीरीजने २००७ मध्ये युट्यूबवर दिल्ली हायकोर्टात दावा लावलाय. आमची गाणी लोक युट्यूबवर चढवतात, शेजारी जाहिरात लागते, आम्ही एकेक लिंक शोधून कळवायची, आज काढली की उद्या दुसऱ्या नावाने हजर. तोच माणूस आता दारात येऊन म्हणतो आपण भागीदारी करू. करू ना, पण आधी मागचं बोला.

कानसेन

अंधेरीवाले साहेब, राग समजतो. पण लोक युट्यूबवर का जातात? तुमच्या कंपन्यांनी विकायची धड सोय केली नाही म्हणून. आयट्यून्स स्टोअर भारतात अजून नाही. एखादं जुनं मराठी नाट्यगीत मला आज रात्री साडेदहाला पैसे देऊन घ्यायचंय, कुठून घेऊ सांगा. दुकानात जाऊन अख्खी सीडी आणा, आणि ती पण असेल तर.

अंधेरीवाला

सोय केली की घेतात हे तुम्ही पुण्यात बसून म्हणताय. आमचा ऑनलाइनचा पैसा बघाल तर हसाल. खरा पैसा कॉलर ट्यूनमधून येतो, महिन्याला ३० रुपये देऊन लोक दुसऱ्याला गाणं ऐकवतात पण स्वतःला ऐकायला १० रुपये देत नाहीत. आणि त्या तिसातला मोठा वाटा मोबाईल कंपनीच ठेवून घेते.

बंड्या बारामतीकर

वाचून मज्जा आली. अरे कुठलं गूगल न् कुठलं ऍपल. आमच्याकडं स्टँडसमोर मोबाईलचं दुकान हाय, बाहेर पाटी 'गाणी भरून मिळतील'. आत एक जुना कॉम्प्युटर, स्क्रीनवर फोल्डर, नवीन मराठी, जुनं हिंदी, भक्ती, लावणी, डीजे, आणि एक फोल्डर नुसतं 'पोरांची आवड'. कार्ड काढून द्यायचं, चहा घेऊन यायचं, दोन जीबी फुल्ल. तीस रुपये, ओळख असंल तर वीस. नको ती गाणी आली तर तो परत भरून देतो फुकट, हाय का असली सर्व्हिस गूगलकडं? चायनाचा हँडसेट न् दोन स्पीकर, गावात लग्नाची वरात त्याच्यावर निघते.

नेट कुठंय त्यात? थ्रीजीचा लिलाव झाला मे मध्ये, सरकारला ६७ हजार कोटी मिळाले म्हणत्यात, आमच्याकडं अजून फोटो उघडंस्तोवर बॅटरी उतरती.

तिरशिंगराव

बंड्याने एका पोस्टीत धागा संपवला.

मृदंग

मी वाजवतो, स्टुडिओत आणि कार्यक्रमात. सगळे गिऱ्हाईक आणि दुकानदाराचंच बोलताय म्हणून लिहितो. बंड्याच्या त्या वीस रुपयांतला एक पैसा गाणं करणाऱ्याला मिळत नाही हे उघड आहे. पण गूगलकडून आला तरी तो लेबलच्या खात्यात जाणार आणि तिथेच थांबणार. आपल्याकडे गीतकार, संगीतकार एकदाच मानधन घेऊन सगळे हक्क लिहून देतात. एप्रिलमध्ये राज्यसभेत कॉपीराइटचं दुरुस्ती विधेयक मांडलंय त्यात रॉयल्टीचा हक्क काढून घेता येणार नाही अशी तरतूद आहे, आणि बऱ्याच ऑडिओ कंपन्यांचा त्याला विरोध आहे. अंधेरीवाले साहेब, तुमची कुठल्या बाजूला?

अंधेरीवाला

मी नोकर माणूस आहे, बाजू मालकाची. तेवढं सोडा.

मृदंग

उत्तर मिळालं. :)

कानसेन

बंड्याला माझं उत्तर. ते मोबाईलचं दुकान उद्या बंद होणार असं मी म्हणतच नाही. पण चीन बघ. तिकडे बायडू या चिनी सर्च इंजिनवर सगळी चोरीची गाणी फुकट सापडायची म्हणून गूगल मागे पडत होतं, तर त्यांनी २००९ च्या मार्चमध्ये टॉप१०० नावाच्या कंपनीबरोबर कायदेशीर फुकट डाउनलोड सुरू केलं, पैसा जाहिरातीतून, त्यात लेबलांना वाटा. चारही मोठी लेबलं सामील झाली. फुकटाशी भांडायचं तर फुकटानेच, हे गूगलला कळलंय, ऍपलला कधी कळणार नाही कारण त्यांना फोन आणि आयपॉड विकायचाय. म्हणून भारतात ऍपल दुकान काढेल तेव्हा काढो, मला आशा गूगलकडून आहे.

तिरशिंगराव

फुकट म्हणजे तुला काय ऐकायला आवडतं याची वही गूगलकडे. ईमेल त्यांच्याकडे, सर्च त्यांच्याकडे, नकाशे त्यांच्याकडे, आता रात्री एकटा असताना कुठलं रडकं गाणं लावतोस ते पण त्यांना कळू दे, मग त्याच्या शेजारी जीवनसाथीची जाहिरात.

एडिसनकर

हाहा. तिरशिंगराव, माझ्या जीमेलमध्ये ती आत्ताच दिसते, लग्नाला बारा वर्षं झाली.

एक व्यवहाराचं सांगतो, कानसेन फार उड्या मारतोय म्हणून. सुरू झालं तरी तुम्हाला तिकडे मिळणार नाही बहुतेक. लायसन्स देशाप्रमाणे असतं. ऍमेझॉनची एमपी३ इथे अमेरिकेतल्या बिलिंग पत्त्यावरच मिळते, माझ्या भावाने पुण्याहून प्रयत्न केला, कार्ड घेतलंच नाही. स्पॉटिफायचं दोन वर्षं ऐकतोय, युरोपात चालतं, आम्हालाच अजून नाही.

कानसेन

मान्य, आधी अमेरिका. पण येणार हे नक्की. पैज लावा, ३१ डिसेंबरच्या आत गूगल सुरू करणार, निदान अमेरिकेत.

तिरशिंगराव

लागली. आणि नुसती घोषणा चालणार नाही, माणसाला पैसे देऊन गाणं विकत घेता आलं पायजे आणि चारही लेबलं पायजेत. एक जरी नसलं तरी मी जिंकलो.

कानसेन

चार नाही, तीन. चारांतले वॉर्नरवाले कुणालाच पटकन हो म्हणत नाहीत.

तिरशिंगराव

बरं तीन. हरेल त्याने मस्तानी, एडिसनकर पंच.

बंड्या बारामतीकर

मस्तानी प्यायला मला पन बोलवा, येताना कार्ड भरून आणतो.