नाशिकमध्ये मेपल लीफ्सवालं (टोरांटोचा आइस हॉकी संघ) कुणी आहे का?

सिडकोवाला: मामेभाऊ टोरांटोत असतो, त्याने निळी जर्सी पाठवली आणि मी लीफ्सच्या नादी लागलो. तिकडची संध्याकाळी ७ ची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे ५:३० ला. गोधडीत बसून आवाज बंद करून बघतो. आई म्हणते, "काकडआरतीला कधी उठला नाहीस!" सोबतीला कुणी आहे का? आणि आइसिंगची शिट्टी नक्की कधी वाजते?

पंचवटीकर: मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक (खेळातली रबरी चकती) कुणालाही न लागता समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला की आइसिंग. फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) मारणाऱ्यांच्याच टोकाला, वर त्यांना खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेलेच उभे! खरी मजा तिथे. पेनल्टीमुळे माणूस कमी असेल तर मात्र माफ. बाकी लीफ्सचा शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, १९६७ चा, माहितीये ना?

सिडकोवाला: माहितीये हो. म्हणून काय मॉन्ट्रियलच्या संघाकडे जाऊ? जमणार नाही.

गंगापूररोडकर: मी मॉन्ट्रियलवाला, तरी चालेल का? शनिवारची मॅच आपल्याकडे रविवारी पहाटे पडते. घरी या, मोठा टीव्ही आहे. नंतर मिसळ, हरेल त्याच्या खर्चाने.